मिरवेलीखालची जखम

१

बाबाजीच्या वाडीतलं जायफळाचं एक झाड वाळलं आणि त्या दिवशी त्या घरात चूल पेटली नाही.

ऐकणाऱ्याला हे जरा अती वाटेल. श्रीवर्धनहून हरिहरेश्वरकडे जाताना समुद्राच्या अंगाला मधली पाखाडी म्हणून आळी लागते, तिथे झाडं मरणं काही नवलाचं नाही. मागच्या मोठ्या वादळाने अख्ख्या आळीच्या सुपाऱ्या एका दुपारीत आडव्या केल्या होत्या, तरी त्या संध्याकाळी माणसांनी पेज करून खाल्लीच होती. पण हे झाड नर होतं. जायफळात नर वेगळा आणि मादी वेगळी. फळ धरते मादी. नर नुसता फुलतो, आणि त्याच्या फुलातले पराग बारीक किड्यांनी मादीच्या फुलावर नेले नाहीत तर मादीही रिकामीच राहते. बाबाजीकडे माद्या होत्या भरपूर. वादळानंतर नर उरला होता तेवढा एकच, आणि आता तो पानं गाळून उभा होता. सुपारी गेल्यापासून घर जायफळावर चालत होतं. म्हणजे आता घर कशावर चालणार हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबाजीने पाखाडीच्या चौकात उभं राहून ग्रामदेवीची आण घेतली, "ज्यानं माझं झाड मारलं त्यानं माझ्या पायरीला पाय लावायचा न्हाय. माझ्या मयतालासुद्धा न्हाय!" बोलताना तो बघत होता शेजारच्या रावजीच्या घराकडे. मग तो गोदूबाईंना बोलवायला गेला.

पोलिसांकडे झाडाच्या खुनाची तक्रार नेली असती तर त्यांनी चहा पाजून परत पाठवलं असतं. गोदूबाईंचं तसं नव्हतं. त्या शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झाल्या होत्या, तालुक्यातल्या निम्म्या कानांना त्यांच्या चिमट्याची ओळख होती, आणि कुणाची म्हैस कुणी सोडली इथपासून देवळातली समई कुठे गेली इथपर्यंतची कोडी लोक त्यांच्याकडेच आणत. बाईंनाही ते आवडायचं. निवृत्त माणसाला दुसऱ्याच्या भानगडीइतकं टॉनिक नाही, असं त्या स्वतःच सांगत.

"रावजीच हाय, बाई," वाडीत शिरताशिरता बाबाजी म्हणाला. "गेल्या हप्त्यात आमच्या मधल्या दगडी गडग्यावरनं तणनाशकाचा पंप मारीत होता. मी डोळ्यांनी बघितला. आणि लगेच पानं पिवळी! गडग्याच्या भांडणाचा राग काढलान माझ्या नरावर..."

इतक्यात त्याची सून मृणाल कोऱ्या चहाचे पेले घेऊन आली. बाबाजी बोलता बोलता थांबला आणि उकाडा किती वाढलाय ते सांगू लागला. मृणालचे डोळे सुजले होते. अजितची ही बायको, माहेर म्हसळ्याच्या वरच्या अंगाला. अजित न्हावा शेव्याला कंटेनरच्या यार्डात कामाला, महिन्यातून कधीतरी यायचा. सासूसासऱ्यांचं आणि वाडीचं सगळं हीच बघायची. शिंपणं हिचं, खत हिचं, फळं वेचणं हिचंच.

"बाई, एवढी फळांची झाडं सोडून ह्यालाच का मारलं असंल?" तिने विचारलं. "ह्याच्याकडनं कुणाला काय मिळत होतं?"

प्रश्न लाखमोलाचा होता. गोदूबाईंनी तेव्हा तो चहाबरोबर गिळून टाकला, आणि नंतर त्याबद्दल स्वतःला पुष्कळ शिव्या दिल्या.

चहा झाल्यावर त्या झाडापाशी गेल्या. बुंध्यावर मिरवेल दाट चढली होती, मिरीची हिरवी पानं मेलेल्या झाडाला अजून मिठी मारून होती. बाईंनी वेल बाजूला सारली आणि त्यांचा हात तिथेच थांबला.

"बाबाजी," त्या म्हणाल्या, "पंपाचं विसरा. इकडे या."

२

कमरेच्या उंचीवर, बुंध्याला वेढा घालून, बोटभर रुंदीची साल काढलेली होती. पूर्ण गोल. आत उघडं लाकूड वाळून काळपट झालं होतं.

बाबाजीने उघड्या लाकडावर बोट फिरवलं. "कोयत्यानं सोलला माझ्या नराला."

"सोलला खरा. पण कधी?"

"कधी म्हंजे? गेल्याच हप्त्यात पानं..."

"पानांचं सोडा. पानं शेवटी मरतात." बाईंमधली मास्तरीण जागी झाली. "झाडाला पाणी चढतं ते आतल्या लाकडातून. ते कुणी तोडलेलं नाही, म्हणून पानं हिरवी राहिली. पण पानांनी केलेलं अन्न खाली मुळांकडे उतरतं ते सालीतून. ती वाट बंद. मुळं उपाशी मरायला लागली, वर कुणाला पत्ता नाही. साठवलेलं संपेपर्यंत मुळं तग धरतात आणि मग एक दिवस सगळं झाड बसतं. हे बघा."

त्यांनी वेढ्याच्या वरच्या कडेवर बोट ठेवलं. साल तिथे फुगून ओठासारखी बाहेर आली होती. वरून उतरणारं अन्न तिथेच अडलं होतं आणि झाडाने त्याच्या जोरावर जखम भरून काढायची धडपड केली होती. एवढी सूज आठवड्यात येत नाही. पाऊसकाळ जावा लागतो.

"मग गेल्या साली एवढं फळ कसं धरलं?" बाबाजीने विचारलं. "आमच्या वाडीत कधी न्हाय एवढं! नर फुलला होता नुसता. आम्ही देवीला नारळ दिला."

"म्हणूनच फुलला. अन्न खाली जाईना, ते वरच राहिलं, आणि झाडाने त्याची फुलं केली. मरायच्या आधी झाडं अशी फुलतात, बाबाजी. तुम्ही नारळ दिलात तेव्हा ते मरतच होतं."

हे बोलायला नको होतं असं त्यांना लगेच वाटलं. म्हातारा लहान मुलासारखा रडायला लागला. बाई तोंड फिरवून पुन्हा बुंध्याकडे बघू लागल्या, आणि तेव्हा त्यांना दुसरी गोष्ट दिसली. सूज सगळीकडे सारखी नव्हती. तीन बाजूंना जाड, आणि उगवतीकडच्या चार बोटांच्या पट्ट्यात पातळ. म्हणजे साल एका वेळी काढलेली नव्हती. आधी कुणीतरी चार बोटं सोडून बाकी वेढा काढला होता. मग पुढच्या पावसाळ्यात परत येऊन तेवढीही काढली होती.

मारायला आलेला माणूस अर्धवट मारून जातो आणि वर्षभराने उरलेलं मारायला येतो? गोदूबाईंना हे काही केल्या पटेना.

३

रावजी ओटीवर जाळं विणत बसला होता. बाईंना बघून त्याने पाट सरकवला.

"बाबाजी माझ्या नावानं शंख करतोय ते मला ऐकू येतंय, बाई. माझी तीन झाडं हायत जायफळाची. गडग्याच्या ह्या अंगाला. त्यांना नर कुठला? त्याचाच! मी त्याला मारीन?"

"तो नर आहे हे तुला ठाऊक होतं?"

रावजी हसला. "बाबाजी सगळ्यांना सांगत सुटला, वांझ झाड हाय, मिरवेलीपुरतं ठिवलंय. वादळानंतर एकच नर उरला ना, कुणी वैरानं तोडील म्हणून भ्याला. म्हाताऱ्याला वाटतं आळीला डोळे न्हाईत. हिकडच्या पोरासोरांना ठाऊक हाय त्यो नर हाय म्हणून."

कलमं विकणारा दत्तात्रेय, त्याच्यावरही बाबाजीचा संशय होता: नर मेला की नवी कलमं घ्यावीच लागतील. दत्तात्रेय रोपांना पाणी घालताघालता म्हणाला, "ठाऊक होतं ना बाई. मी त्याच्याच काड्या मागत होतो कलमाला. देईना म्हातारा. मेल्यावर मला काय मिळालं? आता काड्या आणायला दापोली गाठायची."

दोघंही सुटले. उरला तो घरातलाच माणूस.

अजित दुसऱ्या दिवशी आला. यार्डाचा पिवळा बिल्ला अजून खिशाला होता. वाडी विकून टाकू, कुणीतरी होमस्टे बांधेल, आपण पनवेलला राहू, हे तो दोन वर्षं म्हणत होता, आणि त्यावरून बापलेकांचं बोलणं तुटायला आलं होतं. साल दोन पावसाळ्यांत काढल्याचं बाईंनी बाबाजीला सांगितलं होतं; आता त्याला आणखी काही समजावायला नकोच होतं. पोरगा पायरी चढत असतानाच म्हातारा उठून उभा राहिला.

"थांब तिथंच. दोन्ही पाऊसकाळी गणपतीला तू घरी होतास. कोयता कुठं आसतो ते तुला ठाऊक. नर कुठला ते तुला ठाऊक. वाडी मेली की विकायला मोकळा, व्हय ना?"

"बाबा, काय फालतू बोलताय? मी असलं करेन?"

"आण घेतलीय मी. पाऊल मागं घे."

बाबाजीची बायको आवडाबाई मध्ये पडली, तिला त्याने हाताने बाजूला सारलं. अजित खरंच एक पायरी खाली उतरला, आणि स्वयंपाकघराच्या दारात मृणालच्या हातून तांब्या निसटला.

४

गोदूबाईंनी त्या माणसांना तसंच सोडलं आणि परत झाडापाशी जाऊन बसल्या. भांडणाच्या आवाजात त्यांना विचार सुचत नसे. शाळेतही त्या वर्ग शांत झाल्याशिवाय फळ्याकडे वळत नसत.

त्यांनी जखम पुन्हा बारकाईने बघितली. वेढ्याच्या कडा सरळ, हलक्या हाताने कापलेल्या. खोबणीत वाळलेली शेणमाती अडकली होती, आणि मिरवेलीच्या मुळांत जुन्या लुगड्याची एक चिंधी गुंतली होती. कुणीतरी साल काढली होती आणि मग जखमेला शेणमाती लिंपून वर चिंधी बांधली होती.

वैरी मलमपट्टी करत नाही. ज्याने हे केलं त्याला झाड जगायला हवं होतं.

मग साल का काढली? आणि एकाएकी बाईंना त्यांच्या मावशीचं डोंगरातलं गाव आठवलं. तिकडे म्हसळ्याच्या वरच्या अंगाला, भातशेतीच्या गावांत, फणस धरत नसला तर म्हाताऱ्या बायका श्रावणात त्याची साल पट्टीने काढतात, चार बोटं तेवढी जोडलेली ठेवतात आणि शेणमाती लावून बांधतात. अन्न वर अडतं, झाड फुलतं, आणि त्या चार बोटांच्या वाटेने मुळंही जगतात. इकडे किनाऱ्यावर हा उपाय कुणाला सुचणारच नाही. इकडची माणसं सुपारी-माडात वाढलेली, आणि माडाला सोलायला अशी सालच नसते.

म्हणजे हात डोंगराकडच्या माणसाचा. आणि त्या माणसाला या झाडाला फळ यावं असं वाटत होतं.

नराला फळ यावं असं कुणाला वाटेल? फक्त त्याला, ज्याला तो नर आहे हे ठाऊकच नाही.

बाईंनी हिशेब उलटा मांडला. आतापर्यंत त्या ठाऊक असणाऱ्यांना धरत होत्या. रावजीला ठाऊक होतं, दत्तात्रेयाला होतं, अजितला होतं, आवडाबाईला होतं, पोरासोरांना होतं. म्हणूनच ते सगळे सुटले. ज्याच्यासमोर बाबाजी बोलता बोलता उकाड्यावर आला, ज्याने 'ह्याच्याकडनं कुणाला काय मिळत होतं' असं सरळ मनाने विचारलं, असं माणूस अख्ख्या आळीत एकच होतं.

मिरवेलीपलीकडे सुकी पानं वाजली. मृणाल उभी होती.

५

"साल मी काढली व्हती," ती म्हणाली. "पण मारायला न्हाय, बाई."

"ठाऊक आहे मला. बस."

ती बसली नाही. "आई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायच्या, ते वांझ हाय, उगीच जागा अडवून हाय, तोडायला पायजे एकदा. मला वाटायचं तोडतील. रोज पाणी घालताना मी त्याला बघायची. फुलायचं हो ते, भरभरून फुलायचं, पण धरायचं न्हाय. म्हटलं थोडक्यासाठी अडलंय. माझ्या आजीनं फणसाला करताना मी बघितलं व्हतं. केलं. चार बोटं ठिवली आजीसारखी. पुढच्या साली फुलं जास्त आली, फळ न्हाय. मग मला वाटलं चार बोटं ठिवली तीच चूक झाली."

लग्नाला सहा-सात वर्षं झाली होती आणि मृणालला मूल नव्हतं. गोदूबाईंना ते आळीतल्या सगळ्यांसारखंच ठाऊक होतं. वांझ हा शब्द त्या घरात रोज उच्चारला जायचा तेव्हा या मुलीच्या जिवाचं काय होत असेल, हे मात्र आळीतल्या सगळ्यांसारखंच त्यांच्याही कधी मनात आलं नव्हतं. त्यांना स्वतःची लाज वाटली.

"मृणाल, ते झाड वांझ नव्हतं. ते नर होतं. बाकी सगळ्या झाडांना फळ धरायचं ते त्याच्यामुळे."

तिने वाडीभर उभ्या असलेल्या जायफळांकडे एकेक करून बघितलं.

"म्हंजे ही पण...?"

"यंदापासून धरणार नाहीत."

"सगळ्यांना ठाऊक व्हतं?"

बाईंना खोटं बोलावंसं फार वाटलं. "हो," त्या म्हणाल्या. आणि घाईघाईने पुढे बोलल्या, "हे बघ, मी सांगते बुरशी लागली म्हणून. बुरशीचं खापर कुणावर फुटत नाही. तू गप्प राहा."

"आणि ह्यांना पायरीवरनं उतरवलंय त्याचं काय? चिंधी माझ्या लुगड्याची हाय. मामंजी परत झाडाजवळ आले की वळखतील."

ती घराकडे चालू लागली. बाईंनी तिला दोनदा हाक मारली.

६

ओटीवर उभं राहून मृणालने सगळं सांगितलं, आवाज न चढवता. अजित अजून खालच्या पायरीवरच होता. आवडाबाईने पदर तोंडात कोंबला. बाबाजी खांबाला टेकून ऐकत राहिला. तो संतापेल असं गोदूबाईंना वाटलं होतं. तो संतापला असता तर बरं झालं असतं.

"सगळ्यांपासून राखला," तो म्हणाला. "तुला सांगायचं ऱ्हायलंच."

"ऱ्हायलं न्हाय, मामंजी. तुम्ही आईंना सांगितलेलं मी ऐकलंय. सुनेसमोर वाडीतलं बोलू नको, तिच्या माहेरी सगळं जातं. मला तेव्हा वाटलं, पैशाचं काहीतरी असंल."

बाबाजीने खांब सोडला आणि तो ओटीच्या कडेला बसला.

"ती आण रावजीसाठी होती," आवडाबाई रडत म्हणाली. "देवीला कळतं. तू ऱ्हा गं."

बाईंनीही रेटा लावला. "बाबाजी, नराचं कलम मी दापोलीहून आणून देते. चार-पाच वर्षांत फुलेल. झाडाची सोय होते हो! तुम्ही फक्त हिला राहा म्हणा."

बाबाजीने सुनेकडे बघितलं नाही. "गावासमोर देवीचं नाव घेतलंय, बाई. मी कसा म्हणू?" त्याने बायकोकडे वळून विचारलं, जणू तिने काही वाट काढावी. तिला वाट ठाऊक नव्हती. अजित म्हणाला, "चार दिवस जाऊ दे माहेरी. वातावरण थंड झालं की आणतो." मग त्याने खिशातून मोबाईल काढून बघितला आणि परत ठेवला. तो आणायला जाणार नाही हे गोदूबाईंना तिथेच कळलं, आणि मृणालला त्याच्याही आधी कळलं असावं, कारण तिने पिशवी भरताना हिवाळ्याचा स्वेटरही घेतला.

स्टँडवर म्हसळ्याची गाडी लागायची होती. गोदूबाई तिच्याबरोबर आल्या होत्या. आयुष्यभर कोडी सोडवली, पण उत्तर सापडल्यावर इतकं हतबल त्यांना कधी वाटलं नव्हतं. रावजी सुटला, अजित सुटला, आणि जिने त्या झाडावर जीव लावला तेवढी एकच सापडली. बुरशी आहे असं आपण पहिल्याच दिवशी का सांगितलं नाही, हा विचार त्यांना सोडत नव्हता.

"बाई," मृणालने विचारलं, "झाडांत नर-मादी असतं हे तुम्ही शाळेत शिकवायचात?"

"हो. सगळ्यांना."

"आमच्या पुस्तकात पण व्हता तो धडा. फुलांची चित्रं व्हती त्यात. आमच्या बाई लाजायच्या. म्हणाल्या, हा धडा परीक्षेला न्हाय, घरच्यांकडनं वाचून घ्या."

"मग?"

"घरी कुणाला वाचता येत व्हतं?"

गाडी आली. ती खिडकीपाशी बसली, पिशवी मांडीवर घेतली आणि समोर बघत राहिली. गोदूबाई खिडकीखाली उभ्या राहिल्या. कंडक्टरने घंटा मारली.